मॉडेल रेल्वेच्या डब्यातल्या दिव्यांबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. दोन स्टार दिलेत, त्यावरून वाद घालत नाही. पण "डब्यातला डिकोडर सदोष आहे, खराब माल गळ्यात मारला" हे मान्य नाही. (डिकोडर म्हणजे कंट्रोलरचे हुकूम रुळातून घेऊन दिवे चालवणारं छोटं सर्किट.) का, ते आपल्याच तपशिलावरून सांगतो.

आधी दिवे फक्त सांध्यांवरून जाताना लुकलुकत होते. मग आपण सीव्ही २९ मध्ये (डिकोडरच्या सेटिंगचा एक क्रमांकित कप्पा) ४ लिहून पाहिलं, कंट्रोलरवर एरर आली, आणि तेव्हापासून वेग एकेक पायरी वाढवला की दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात. एरर आली म्हणजे काही लिहिलंच गेलं नाही, असा आपला समज झाला. प्रत्यक्षात ४ आत गेला आहे. प्रोग्रामिंगच्या रुळावर (सेटिंग बदलण्यासाठीचा वेगळा रूळ) "मिळालं" हे कळवायला डिकोडरला क्षणभर निदान ६० मिलिअँपिअर करंट ओढावा लागतो. इंजिनात ते मोटर करते. डब्यात मोटर कुठली? चार एलईडींनी तेवढं होत नाही, म्हणून एरर.

त्या ४ मुळे डिकोडर जुन्या १४ पायऱ्यांच्या पद्धतीवर गेला. आपला कंट्रोलर २८ पायऱ्यांनी हुकूम पाठवतो. त्यातला मधल्या पायरीचा बिट (हुकुमातला ० किंवा १ चा एक अंक) १४ वाला डिकोडर दिव्याचा हुकूम समजतो, म्हणून एकाआड एक अंधार. बिघडलेला डिकोडर इतक्या शिस्तीत चुकत नाही.

सीव्ही २९ मध्ये ६ लिहा. डिकोडरचा चार आकडी लांब पत्ता (कंट्रोलर त्याला ओळखतो तो क्रमांक) वापरत असाल तर ३८. हे गाडी चालते त्या मेन रुळावर, ऑपरेशन मोडमध्ये करा. मात्र इंजिन आधी उचलून ठेवा, कारण दोघांचा पत्ता एकच असेल तर इंजिनाचंही सेटिंग बदलेल.

राहिलं सांध्यांवरचं लुकलुकणं. चाकं आणि करंट घेणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. (पावसाळ्यात हे जरा जास्तच करावं लागतं.) तरीही राहिलं तर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून ठेवणारा भाग) लागेल. १६ व्होल्टचा स्वस्त मिळतो, पण रुळावरच्या १५ व्होल्टांना तो फार काठावरचा. डिकोडरच्या निळ्या वायरला कपॅसिटरचं धन टोक, डिकोडरच्या डीसी ऋण टोकाला ऋण. धन बाजूला १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड. थेट रुळाला जोडू नका, फुटेल. आपण घेतलेल्या दिव्यांच्या पट्टीत कपॅसिटर येत नाही, हे पाकिटावर छापलेलं आहे.

सोल्डरिंग जमत नसेल तर डबे दुकानात आणा. कपॅसिटरचे पैसे पडतील, मजुरी घेणार नाही.