बिल म्हणजे पावती नव्हे!

पैसे दिल्यावर हाती पडलेल्या कुठल्याही कागदाला आपण बिल म्हणतो आणि फाईलला लावून निर्धास्त होतो. वाद झाला की कळतं, बिल ही नुसती मागणी आहे. पैसे पोचल्याची कबुली पावतीत असते.

शब्दच बघा. पावती आली 'पावणे'वरून, म्हणजे मिळणे, पोचणे. देव पावतो तो हाच. खरेदीखतात 'रक्कम भरून पावलो' लिहितात तेही हेच. म्हणून पावतीवर सही हवी ती पैसे घेणाऱ्याची. ऑफिसातलं व्हाउचर देणारा भरतो, पण घेणाऱ्याने त्यावर सही केली की तीही पावतीच. बिलावर 'रक्कम मिळाली' असं लिहून तारीख, सही घेतली तरी चालतं. बिनसहीचा नुसता शिक्का मात्र कुणीही मारू शकतो.

पावतीत क्रमांक, तारीख, कोणाकडून, कशापोटी, रक्कम अंकी आणि अक्षरी (शेवटी 'मात्र', म्हणजे पुढे काही घुसडता येत नाही). सगळ्यात जास्त घोळ 'कशापोटी'त. 'भाडे' एवढंच लिहिलं, महिना नाही, की तीच पावती दुसऱ्याच महिन्याची होती असंही सांगता येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 26 नुसार भाड्याची लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे. तरी मागितली की 'विश्वास नाही का?' ऐकवतात. विश्वासाचा इथे संबंधच काय?

रक्कम 5000 च्या वर असेल तर एक रुपयाचा महसुली स्टँप. 2004 पर्यंत ही मर्यादा 500 होती. स्टँप फक्त रोखीलाच लागतो हा गैरसमज. मुद्रांक कायद्यातल्या पावतीच्या व्याख्येत चेकही आहे. स्टँप चिकटवून सही शेजारी करणारे पुष्कळ. सही अर्धी स्टँपवर, अर्धी कागदावर अशी करा आणि तारीख घाला. यालाच स्टँप रद्द करणं म्हणतात, म्हणजे तो पुन्हा वापरता येत नाही. रद्द न केलेला स्टँप कायद्याने न लावल्यासारखाच.

चेक घेतला तर चेक नंबर, तारीख, बँक लिहा आणि खाली 'चेक वटल्यास ग्राह्य'. हे सोसायट्यांचे खजिनदार हमखास विसरतात, मग परत आलेल्या चेकची पावती सभासद वर्षभर नाचवतो.

पावती चुकली तर खाडाखोड नको, पान फाडूनही टाकू नका. मूळ पावती स्थळप्रतीला (पावतीपुस्तकात राहणाऱ्या प्रतीला) टाचून दोन्हींवर 'रद्द' लिहा, नाहीतर हिशेब तपासनीस आधी तोच नंबर विचारतो.