जिम स्टेपलटनने उंचावलेला चषक कुठला?

सध्या एक मजकूर फिरतोय: 1887 च्या पहिल्या ऑल-आयर्लंड हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ) स्पर्धेत 32 काउंट्या (आयर्लंडचे जिल्हे) उतरल्या, 15-15 पगारी खेळाडूंचा अंतिम सामना 1-1 असा बरोबरीत सुटला, तरी टिपररीचा कप्तान जिम स्टेपलटनने चषक उंचावला. कप्तानाचं नाव बरोबर आहे. बाकीचं तपासू.

बरोबरी झालीच नाही. हर्लिंगमध्ये गोल आणि पॉइंट वेगळे लिहितात. 1-1 म्हणजे एकाच संघाचा एक गोल, एक पॉइंट. निकाल होता टिपररी 1-1, गॉलवे 0-0. चेंडू गोलखांबांमधल्या आडव्या दांडीखालून गेला की गोल, वरून गेला की पॉइंट. तेव्हा गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना 21 फुटांवर आणखी एकेक खांब असे, त्या मोकळ्या जागेतून गेला तरी पॉइंटच. (हे खांब 1910 मध्ये काढले.) आजच्या हिशेबाने ‘चार-शून्य’ म्हणणंही चूक. गोलचे तीन पॉइंट 1896 पासून. 1887 च्या स्पर्धेत समोरच्याने दहा पॉइंट केले तरी एक गोल भारी पडे. टिपररीच्या टॉमी हीलीने केलेल्या गोलचं वजन एवढं होतं.

खेळाडू 15 नव्हे, 21. 1892 मध्ये 17 झाले, 1913 मध्ये 15. एका मैदानात 42 जण म्हटल्यावर चेंडू काठीवर तोलत पळायला जागा कुठली? बहुतेक फटके जमिनीवरच. काठी ॲशच्या लाकडाची, बुंधा मुळाकडे वळतो तिथून काढलेली. लाकडाचे धागे पात्याबरोबर वळलेले हवेत. सरळ फळीतून कापलेलं पातं टकरीत धाग्याच्या रेषेत चिरतं.

32 काउंट्यांचं तर सोडाच, प्रत्यक्ष खेळले पाच काउंट्यांचे संघ. तेही निवडक नव्हेत: काउंटीचा विजेता क्लबच काउंटीतर्फे उतरे. टिपररी म्हणजे थर्ल्स, गॉलवे म्हणजे मीलिक.

पगार? खेळ आजही हौशीच आहे. थर्ल्समध्ये तर प्रवासखर्चावरूनच वाजलं. आधीचा कप्तान डेनिस माहर आणि काही खेळाडू अंतिम सामन्यासाठी बर् गावी गेलेच नाहीत, म्हणून स्टेपलटन कप्तान झाला. सामना झाला 1 एप्रिल 1888 ला, ईस्टरच्या रविवारी.

आणि चषक? विजेत्याला मिळणारा लियम मॅकार्थी चषक 1921 च्या स्पर्धेपासूनचा. तो पहिल्यांदा लिमरिकने जिंकला. त्या स्पर्धेचा अंतिम सामना व्हायलाही 1923 उजाडलं.