चिठ्ठी कोणाची, ते आधी शोधा

तुमच्या घरात, वाडीत किंवा कॉलेजात १६ ते २५ वयाची पोरं-पोरी आहेत का? असतील तर सावध व्हा. ह्या वयात डोकं चालायला लागतं, डोकं चाललं की प्रश्न पडतात, आणि पडलेला प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारतो, तिथेच सगळा घोळ होतो. तेव्हा आपल्या कोकणाची अब्रू राखायची असेल तर काय काय करायचं ते अनुभवातून लिहितेय, अनुभव ताजा आहे, परवाच्या १ डिसेंबरचा. (कॉलेज कुठलं ते विचारू नका. "कोणाची गो तू?" हा आपला लाडका प्रश्न मला माहितीय. मी कोणाचीच नाही, तासावर पैसे घेणारी सीएचबी मॅडम आहे.)

तर पहिली गोष्ट, कार्यक्रम दणक्यात करा. जागतिक एड्स दिन १९८८ पासून पाळतात, म्हणजे आता आपला हात बसलाय. लाल रिबनची रांगोळी, पोस्टर स्पर्धा, स्टँडपर्यंत रॅली, रॅलीवाल्या पोरांना वडापाव, फोटो. फक्त एक जपायचं, ह्या सगळ्यात चुकून माहिती घुसता कामा नये. त्यासाठी पाहुणा असा बघायचा ज्याला विषयातलं काही माहीत नाही, कारण माहीत असलेला माणूस बोलून जातो. मी येडी, रेड रिबन क्लब (कॉलेजातला एड्स जागृतीचा) माझ्याकडे आहे म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, समुपदेशक मॅडमना बोलावून बसले होते, ज्या रोज हेच काम करतात. पत्रिका छापून आली तर त्यांचं नाव खाली, वर एक स्थानिक पुढारी. पुढारी ५० मिनिटं बोलले. संयम, संस्कार, मोबाईल, पाश्चात्त्य, परत मोबाईल. कंडोम शब्द आला नाही, एकदा "ते साधन" म्हणाले आणि स्वतःच खोकले. शेवटी शेवटी तर मला गाऱ्हाणंच ऐकल्यासारखं वाटायला लागलं, बा देवा म्हाराजा, आमच्या पोरांच्या डोक्यात जा काय वाकडातिकडा येता ता मुंबयच्या वाटेन भायर काढ रे म्हाराजा, आणि पुढच्या रांगेत बसलेला अख्खा स्टाफ मनातल्या मनात व्हय म्हाराजा.

समुपदेशक मॅडमना मग ७ मिनिटं मिळाली, कारण साडेबाराची एसटी चुकली तर खालच्या गावातल्या पोरांना पावणेतीनपर्यंत गाडी नाही. त्या बाईंनी ७ मिनिटांत स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखं सांगितलं, असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला, ह्या चार वाटांनी एचआयव्ही, म्हणजे एड्सचा व्हायरस, पसरतो, तपासणी आमच्याकडे फुकट आहे, नाव गुप्त राहतं, या. पोरं तोवर बॅगा भरत होती.

दहावीचा प्रजननाचा धडा "घरी वाचून घ्या", हे तर तुम्ही करताच.

मेडिकलवाल्याला जपा. तो तुमचा बिनपगारी सीआयडी आहे. पोरगा कंडोम मागायला आला की बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत त्याला उभा ठेवायचा, मग "काय रे, बाबा बरे ना?" विचारायचं, मग द्यायचं. प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे पण ह्या वस्तूला आणि पॅडच्या पाकिटाला काळी पिशवी कुठून निघते देव जाणे. सरकारी निरोध १९६८ पासून आहे, आरोग्य केंद्रात तो फुकटही मिळतो, तेव्हा त्याची पेटी केसपेपरच्या खिडकीला चिकटून लावायची, रांगेतल्या तीस माणसांच्या डोळ्यांदेखत. फुकट असूनही उरतो की नाही बघा.

मुलगी गोळी मागायला आली तर आधी तिच्या गळ्याकडे बघा.

रोग कायम दुसऱ्या गावचा ठेवा. देशात पहिल्या केसेस १९८६ ला मद्रासला सापडल्या, मद्रास लांब, आपण निवांत. मग तो मुंबईचा रोग झाला, मग हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा, मग बंदरातल्या परप्रांतीय खलाशांचा. गणपतीला आणि शिमग्याला ज्या गाड्या भरभरून येतात त्या मुंबईहूनच येतात खऱ्या, पण कोकण रेल्वेचं तिकीट माणसाला मिळत नाही तर व्हायरसला कुठून मिळणार. आणि समजा घरचाच कोणी मुंबईहून खंगून परत आला, तर टीबी म्हणा, कावीळ म्हणा, बाहेरची बाधा म्हणा, नारळ ठेवा. औषध तेवढं विचारू नका. २००४ पासून सरकार एआरटीच्या, म्हणजे हा व्हायरस दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट देतं हे त्याला कळलं तर तो बरा दिसायला लागेल, कामाला जाईल, लोक म्हणतील हा तर धडधाकट आहे, मग आपण एवढी वर्षं घाबरवलं त्याचं काय?

७२ तासांबद्दल कोणी काही सांगू नये. सुई टोचली, जबरदस्ती झाली, कंडोम फाटला, असलं काही झालं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायच्या. दिवस राहू नयेत म्हणून जी गोळी असते ती वेगळी, पण तिलाही अशीच घाई असते, जितकी उशिरा तितकी कमी उपयोगाची. आपल्याकडे ७२ तासांत काय होतं? पहिला दिवस रडण्यात, दुसरा दिवस मैत्रिणीच्या मैत्रिणीला विचारण्यात, तिसऱ्या दिवशी कळतं की दवाखान्यातली सिस्टर आईच्या माहेरच्या वाडीतली आहे. संपले ७२ तास. छान.

आता मुख्य उपाय सांगते. हा जमला तर बाकीचे नाही केलेत तरी चालेल. प्रश्नपेटी ठेवा.

बुटाचा खोका, वरून लाल कागद, मधे फट. वर्गावर्गात जाऊन सांगायचं, जे विचारायचंय ते लिहा, नाव लिहू नका, कोणाला कळणार नाही. तीन वर्गांत हे मी स्वतः सांगितलं. ४६ चिठ्ठ्या आल्या, ४६! जी पोरं हजेरीला "प्रेझेंट" म्हणताना लाजतात त्यांनी ४६ प्रश्न लिहिले. पेटी कार्यक्रमात उघडायची, समुपदेशक मॅडम उत्तरं देणार असं ठरलेलं. ती आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये उघडली गेली. "मॅडम, तुम्ही नवीन आहात, पाहुण्यांसमोर काही भलतंसलतं निघायला नको." मग दोन ढीग, योग्य आणि अयोग्य. योग्य ४. एड्सचा लाँगफॉर्म काय, असले. अयोग्य ४२.

अयोग्य काय होतं ते पण ऐका. जत्रेत टॅटू काढला तर चालतो का? (सुई नवीन नसेल तर नाही चालत, आणि जत्रा तोंडावर आल्यात, ही गोष्ट खरं तर रिक्षावर भोंगा लावून सांगायला हवी.) दोन कंडोम एकावर एक घातले तर डबल सेफ ना? (उलट रे बाबा, एकमेकांवर घासून फाटतात.) पाकिटात सहा महिने ठेवलेला चालेल? (टाकून दे, उष्णतेनं खराब होतो, आणि तारीख बघत जा.) पहिल्याच वेळी दिवस जातात का? (जाऊ शकतात.) मच्छर चावून होतो का? (नाही. होत असता तर कोकणात माणूस शिल्लक राहिला नसता.) टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो ना? (कधी केलीस त्यावर आहे, परवाच्या गोष्टीची आज टेस्ट करून कळत नाही, तीन महिन्यांनी परत करायची.) सांगा, ह्यात भलतंसलतं काय आहे? आठवीपासून मोबाईल हातात असलेल्या पोरांनी ह्याहून सभ्य प्रश्न कुठले विचारायचे?

आणि एक चिठ्ठी होती. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा, निळं पेन. "आमच्या घरात एकाचं ताट आणि पेला वेगळा ठेवतात. मी चुकून त्या पेल्यातून पाणी प्यायले. मला होईल का?"

बस, एवढंच.

आता तुम्हाला वाटेल ही वाचून स्टाफरूम गप्प झाली असेल. गप्प कसली, जान आली सगळ्यांच्यात! "कोणाच्या घरात?" हा एकच प्रश्न. उत्तर काय हे कोणाला पडलेलं नव्हतं, चिठ्ठी कोणाची हे पडलं होतं. मग संशोधन सुरू झालं, पीएचडीला लाजवेल असं. "प्यायले" म्हणजे मुलगी, अर्धी यादी कमी. "ल" कसा काढलाय बघा, असा शेंडीवाला ल कोण काढतं? "पेला" म्हणते म्हणजे अमुक भागातली. ट्युटोरियलच्या वह्या मागवल्या हो, खरंच मागवल्या, दोन सर दुपारचा डबा बाजूला ठेवून वह्या आणि चिठ्ठी शेजारी धरून बसले. एरवी ह्याच वह्या तपासायला महिना लागतो. संध्याकाळी एसटी सुटायच्या आत दोन घरांची नावं बाजारात फिरत होती. दोन्ही खोटी असतील, एक खरं असेल, मला माहीत नाही, मला माहीत करून घ्यायचं पण नाही. त्या दोन घरांतल्या दोन मुलींपैकी एक तेव्हापासून कॉलेजला आलेली नाही. ताप असेल. हो, ताप असेल.

आपल्या मातीला हे नवीन नाही म्हणा. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे, त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ ला "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत स्वतःच्या खिशातून चालवलं. वाचक पत्रातून लैंगिक प्रश्न विचारायचे, हे उत्तर द्यायचे. म्हणजे चिठ्ठ्याच की! त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ ला त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. दापोलीला लागूनच की मंडणगड. खटला हरले, दंड झाला, पण शेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन माणसं हायकोर्टात उभी राहून सांगत होती की लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा गुन्हा नाही. तेव्हा निदान उत्तर देणाऱ्याला कोर्टात खेचायचे. आपण पुढे गेलोय, आपण विचारणाऱ्याचं अक्षर जुळवतो. २००७ ला तर राज्यातल्या आमदारांनी पक्षबिक्ष विसरून शाळांमधलं लैंगिक शिक्षणच बंद पाडलं, एरवी रस्त्याच्या खड्ड्यावर एकमत होत नाही. आमच्या स्टाफरूममधले निम्मे त्याच काळातले विद्यार्थी.

पुढचा उपाय लिहिणार होते, "मैत्री क्लिनिकची (म्हणजे वयात येणाऱ्या पोरांच्या सरकारी सल्ला केंद्राची) पाटी दवाखान्यात अशी लावा की" वगैरे. नाही लिहीत. कंटाळा आला ह्या सगळ्या थट्टेचा.

सरळच बोलते. लाज वाटायला पाहिजे होती आपल्याला. मला पण, मी तिथेच बसले होते, पुढच्या टर्मला तास मिळतील की नाही ह्या भीतीनं तोंड शिवून, शब्द मी दिला होता आणि वह्या उघडताना बघत राहिले. एचआयव्ही असलेल्या माणसाशी भेदभाव करायचा नाही, त्याची माहिती फोडायची नाही असा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण कायदा जाऊदे, तुम्ही मास्तर आहात ना? एक पोरगी पाण्याच्या घोटाला घाबरून रात्र रात्र जागली असेल, घरात विचारायची सोय नाही, कारण घरानेच ताट वेगळं केलंय, म्हणून तिने आपल्याला विचारलं. आणि आपण तिचा "ल" बघितला! पोरं सांगत नाहीत, पोरं लपवतात, पोरं मोबाईलवर घाण बघतात म्हणून बोंब मारता, मग सांगायचं कोणाला हो त्यांनी? तुम्हाला? आता ह्या कॉलेजात पुढची दहा वर्षं एक पोर चिठ्ठी टाकणार नाही, तपासणीला जाणार नाही, आणि तुम्ही परत म्हणाल की बघा, आमच्याकडे असलं काही नाहीच.

बाळा, तू जी कोणी असशील. नाही होणार. पेल्यातून नाही, ताटातून नाही, थुंकीतून, एका संडासातून, अंगाला हात लावल्याने, जवळ बसल्याने, कशाने नाही. खुशाल पी त्या पेल्यातून पाणी. उद्या त्यांचा पेला तुमच्या सगळ्यांच्या पेल्यांतच ठेव, आई ओरडली तर माझं नाव सांग. आणि त्यांना एकदा विचार, गोळी रोज घेता ना? रोज घेऊन रक्तात व्हायरस सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधातून सुद्धा तो दुसऱ्याला जात नाही, मग पाण्याच्या पेल्याचं काय घेऊन बसलीस. बंद केली असेल तर आयसीटीसीत घेऊन जा, एकटी जायची भीती वाटली तर १०९७ ह्या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे, तिथे कोणी "कोणाची गो तू" विचारत नाही.

आणि सर, त्या वह्या अजून तुमच्या कपाटात आहेत. सोमवारी देऊन टाका, पोरांची परीक्षा आलीय.