पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक? एक खुलासा

पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पीसी चालू होत नसेल तर एसएमपीएसच्या (पीसीतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडा, पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला, नाहीतर सरळ तपकीर गल्ली गाठा आणि नवा आणा. हे अर्धंच खरं आहे.

हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, लागली की एसएमपीएसला चालू होण्याचा इशारा मिळतो, इतकंच. पंखा फिरला तरी 12 व्होल्टची लाइन लोड आल्यावर, म्हणजे पीसीचे भाग वीज ओढू लागल्यावर, कोसळू शकते. मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) ती 11.4 ते 12.6 मध्ये हवी, तीही लोड असताना. उलट काही नव्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर मुद्दामच थांबलेला असतो. तो बिचारा धडधाकट असून भंगारात जायचा!

खरं तर आधी जांभळी वायर बघायची. एसएमपीएसचं मागचं बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही तिथे 5 व्होल्ट हवेत. नसतील तर एसएमपीएसवर संशय घ्या. असतील तर दोष पॉवर बटणात किंवा मदरबोर्डमध्येही असू शकतो, किंवा कुठेतरी शॉर्ट असू शकतो. शॉर्ट असला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला क्षणात बंद पडतो. (सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिन मोजा: हिरवी 16, जांभळी 9.)

मेसेजच्या शेवटी ‘खोलून फ्यूज बदला’ असंही आहे. ते अजिबात करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.