‘फास्ट लेन्स मागितली, स्लो मिळाली’: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन स्टार्सचा रिव्ह्यू वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुम्ही परत केलेली लेन्स स्वतः हातात घेऊन तपासायची होती. ती तपासली, तुमचं बिल काढलं, काउंटरवर त्या दिवशी असलेल्या सहकाऱ्याशी बोललो आणि आता लिहायला बसलोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडमनी आमच्याकडून मुलीच्या बॅडमिंटन फायनलसाठी आणि नंतर तिच्या पोर्ट्रेटसाठी एक ‘फास्ट प्राइम’ (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स) भाड्याने मागितली. आम्ही ८५ एमएम एफ/१.४ दिली (एमएमचा आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं; ‘एफ’पुढचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, मोठं) आणि ‘ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, काम होईल’ असं सांगितलं. मॅचचे दोनशेच्या वर फोटो काढले, धड आले नऊ. बहुतेकांत फोकस मागच्या नेटवर किंवा प्रेक्षकांवर, कित्येकांत रॅकेट आणि डोकं फ्रेमच्या बाहेर, काही फोटो मधेच काळपट-पिवळे. घरी काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर. तक्रार करायला फोन केला तेव्हा ‘तुमचं सेटिंग चुकलं असेल’ हे उत्तर मिळालं. आणि शेवटी मॅडमनी लिहिलंय की लेन्स बिघडलेली होती आणि महागातली म्हणून माथी मारली.

आधी फोनबद्दल. ते उत्तर चुकीचं होतं आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. तो क्षण पुन्हा मिळणार नाही अशा दिवशी तुम्ही आमच्या भरवशावर गेला होतात. माझ्या सहकाऱ्याला जे शिकवलं ते मीच शिकवलं आहे, त्यामुळे ही चूक माझ्या खात्यावर धरा.

आता लेन्स. ती बिघडलेली नाही. ट्रायपॉडवर, स्थिर वस्तूवर, जवळ आणि लांब, सगळीकडे तिचा फोकस बिनचूक बसला. पण मग मी दुसरी तपासणी केली. सहकाऱ्याला माझ्या दिशेने झपाझप चालत यायला सांगितलं आणि सलग फोटो घेत गेलो. निम्म्याहून कमी शार्प आले. त्याच कॅमेऱ्यावर ८५ एमएम एफ/१.८ लावून तेच केलं, तेव्हा दोन-तीनच हुकले. म्हणजे लेन्स चांगली होती, तुमच्या कामासाठी चुकीची होती. तुम्ही ‘स्लो’ म्हणालात ते शब्दशः बरोबर आहे.

इथेच आमची मूळ चूक झाली. आमच्या धंद्यात ‘फास्ट लेन्स’ म्हणजे मोठं ॲपर्चर असलेली लेन्स. जास्त उजेड आत येतो म्हणून शटर स्पीड वाढवता येतो, म्हणजे फोटो आणखी कमी वेळात टिपता येतो, म्हणून फास्ट. त्या शब्दाचा फोकसच्या वेगाशी काहीही संबंध नाही. तुम्ही फास्ट म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर पळणारी मुलगी होती. आम्ही मात्र ‘एफ’च्या पुढचा आकडा ऐकला आणि शेल्फवरचा सगळ्यात लहान आकडा काढून दिला. काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द होता आणि अर्थ दोन. आम्ही विचारायला हवं होतं.

हा गोंधळ फार जुना आहे आणि तो ऐन खरेदीच्या वेळी लोकांना फसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ॲपर्चर मोठं करायचं तर काच मोठी लागते. ८५ एमएमला एफ/१.८ साठी साधारण ४७ मिलिमीटर व्यासाची वाट पुरते, एफ/१.२ ला ७१ लागते. काच मोठी झाली की जड होते, आणि अनेक लेन्समध्ये फोकस करताना तीच जड काच मोटरला पुढे-मागे ढकलावी लागते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमधली (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच) जोडी याचं उत्तम उदाहरण आहे. १९९२ साली आलेली ८५ एमएम एफ/१.८ अवघी ४२५ ग्रॅमची. ८५ एमएम एफ/१.२ ची २००६ मधली दुसरी आवृत्ती १०२५ ग्रॅमची. दुसरी सव्वादोन पट उजेड आत घेते, तिने काढलेल्या पोर्ट्रेटवर लोक जीव टाकतात आणि मीही टाकतो. पण कोर्टवर पळणाऱ्या खेळाडूमागे धावायला मी नेहमी पहिलीच घेईन. जड म्हणजे मंद असा सरसकट नियम मात्र करू नका. सोनीने २०१९ मध्ये आणलेली १३५ एमएम एफ/१.८ जवळजवळ किलोभर आहे, पण तिच्यात फोकससाठी चार लिनियर मोटर आहेत आणि ती पळत्या माणसाला सोडत नाही. तेव्हा आकड्याच्या शेजारी मोटर कोणती आहे हेही विचारायचं. निकॉनच्या जुन्या डी मालिकेतल्या बहुतेक लेन्समध्ये तर मोटरच नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि निकॉनच्या सुरुवातीच्या पातळीवरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती नसते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर हातानेच फोकस करत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट अंतराची. तुम्ही लिहिलंय की कोर्टच्या कडेला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती, म्हणजे मुलगी साधारण ६ मीटरवर. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्यातला फोटो टिपणारा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान. त्यावर ८५ एमएम म्हणजे फुल फ्रेमवरच्या १३० एमएमसारखं दृश्य. कॅमेरा उभा धरला तरी ६ मीटरवर तुमच्या फ्रेममध्ये जेमतेम दीड-पावणेदोन मीटर उंची मावते. स्मॅशसाठी हात उंचावलेली खेळाडू रॅकेटसकट अडीच मीटरच्या आसपास जाते. रॅकेट कापली जाणारच होती, तुम्ही कितीही सांभाळून फ्रेम केली असती तरी. त्याच जागेवरून ५० एमएमने पावणेतीन मीटर उंची मिळाली असती. झूम असता तर तुम्ही तिथल्या तिथे मागे आला असतात. प्राइमला तुमचे पायच झूम, आणि मॅच चालू असताना खुर्चीवरून उठता येत नाही. म्हणूनच प्राइम निवडताना पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठे बसणार’ हाच असायला हवा. कोर्टच्या टोकाला, १० मीटरवर बसला असतात तर हीच ८५ नेमकी बसली असती.

अंतराचा फोकसशीही संबंध आहे, आणि ही गोष्ट मला तुम्हाला नीट समजावून सांगायची आहे, कारण ती कळली की तुमचे ते दोनशे फोटो का गेले हेही कळेल. ८५ एमएम, एफ/१.४, ६ मीटर, क्रॉप सेन्सर: एवढ्यावर शार्प दिसणारा पट्टा साधारण २८ सेंटिमीटर जाडीचा असतो. खेळाडू सेकंदाला ३ मीटर वेगाने पुढे झेपावली तर तो पट्टा ती एक दशांश सेकंदात ओलांडते. लेन्सला तेवढाही उशीर झाला की फोटो गेला. त्याच जागी ५० एमएम एफ/१.८ असती तर पट्टा सुमारे १ मीटरचा मिळाला असता. मोटर थोडी मागे राहिली तरी चेहरा पट्ट्यात राहिला असता. ‘ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा’ हा आमचा सल्ला या कामासाठी घातक होता.

तुम्ही सेटिंग्जही लिहिलीत, त्याबद्दल आभार, त्यामुळे अंदाज बांधावा लागला नाही. एफ/१.४, शटर सेकंदाचा २५० वा भाग, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८००. सेकंदाला १० मीटर वेगाने फिरणारा हात एवढ्या वेळात ४ सेंटिमीटर सरकतो, म्हणून फोकस बसलेल्या फोटोतही हात पुसट आहे. १००० वा भाग ठेवला तर तोच हात १ सेंटिमीटर सरकेल. त्याच उजेडात एफ/२, १००० वा भाग, आयएसओ ६४०० हे गणित जुळतं. आयएसओ ६४०० ऐकून बरेचजण दचकतात. दचकू नका. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर बराच कमी करता येतो, हललेला हात परत जागेवर आणता येत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही इथे उपयोगाचं नाही, ते तुमचा हात स्थिर करतं, खेळाडूला थांबवत नाही. आणि फोकस मोड सतत मागोवा घेणारा हवा, एकदाच फोकस धरून थांबणारा सिंगल नको. तुमचा कोणता होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि आम्हीही तो लावून दिला नव्हता.

काळपट-पिवळ्या फोटोंचा दोष ना लेन्सचा, ना तुमचा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतो. कधी उजळ, कधी मंद. कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क टू या कॅमेऱ्यात यावर अँटी-फ्लिकर, म्हणजे दिवा उजळ असतानाच फोटो घेण्याची सोय, दिली आणि नंतर अनेक कॅमेऱ्यांत ही सोय आली. तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत ती आहे का हे मी तुमच्यासमोर शोधून देईन.

पोर्ट्रेटचं दुखणं साधं आहे. दीड मीटरवरून एफ/१.४ ला पट्टा पावणेदोन सेंटिमीटरच उरतो. चेहरा जरा वळला की दोन डोळे एका अंतरावर राहत नाहीत. एफ/२.८ ला पट्टा दुप्पट होतो, एफ/४ ला ५ सेंटिमीटर. मागची भिंत लांब असली तर ती तरीही मऊच दिसते. फोकस जवळच्या डोळ्यावर, आणि फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस धरतो ती खूण) थेट त्या डोळ्यावर सरकवूनच. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा वळवला की एवढ्या पातळ पट्ट्यात डोळा सहज निसटतो. मोठ्या ॲपर्चरची लेन्स थोडी बंद करून वापरली तर पैसे वाया गेले असं अजिबात नाही. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, फोकस करताना ॲपर्चर उघडंच ठेवतो, फोटोच्या क्षणी बंद करतो. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधला उजेड तुम्हाला मिळतोच, आणि काही कॅमेऱ्यांचे सर्वांत अचूक फोकस पॉइंट एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवरच पूर्ण क्षमतेने चालतात.

महागातली माथी मारली, या आरोपाबद्दल. आमचा हेतू तसा नव्हता, पण ५० एमएम एफ/१.८ आणि ८५ एमएम एफ/१.८ त्या दिवशी शेल्फवर होत्या, दोन्हींचं भाडं कमी होतं आणि दोन्ही तुमच्या कामाला जास्त योग्य होत्या. हे खरं असताना मी आणखी सफाई देणार नाही. तुमचं पूर्ण भाडं आज परत पाठवलं आहे. रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही, तो आहे तसा राहू द्या.

कालपासून काउंटरवर लेन्स देण्याआधी चार गोष्टी विचारल्या जातात: कॅमेरा कोणता, विषय किती लांब, तो हलतो का, आणि उजेड कसला. ‘फास्ट’ हा शब्द ऐकला की ‘उजेडासाठी की फोकससाठी’ असं विचारायचं. आणि खेळासाठी लेन्स नेणाऱ्याने चालत्या माणसावर दहा फोटो काढून बघितल्याशिवाय ती बॅगेत जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलीची पुढची स्पर्धा महिन्याभरात आहे. ५० आणि ८५, दोन्ही एफ/१.८, मी तुमच्या नावाने बाजूला ठेवल्या आहेत, भाडं लागणार नाही. आदल्या दिवशी कॅमेरा घेऊन या, सेटिंग मी स्वतः लावून देतो. फक्त या वेळी हॉलमध्ये कोर्टच्या कडेला बसणार की टोकाला, तेवढं आधी बघून ठेवा.