करार वाचणारे विकासाच्या आड येत नाहीत

व्यापार-गुंतवणुकीच्या करारांचा एकत्र येऊन अभ्यास करणाऱ्या संस्थांविरुद्ध एक मजकूर फिरतो आहे: ‘यांना अर्थकारण कळत नाही, हे परदेशी पैशावर चालतात आणि यांच्यामुळे गुंतवणूक पळते.’

कळत नाही? दाभोळचा वीजप्रकल्प आठवा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदी करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले होते. वीज उचला वा न उचला, क्षमतेचे पैसे द्यायचेच. दर डॉलरला बांधलेला. वर मंडळाने पैसे न भरल्यास राज्याची हमी, आणि राज्याने न भरल्यास केंद्राची प्रतिहमी. पुण्यातल्या ‘प्रयास’च्या अभ्यासकांनी कराराची कलमे आणि आकडे उलगडून हा बोजा लोकांसमोर मांडला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला. पुढे बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्या मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांच्या दाराने, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारतावर लवादात, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या मंडळापुढे, गेल्या. बिले कुणाच्या खिशातून भरली जाणार होती, हे विचारणारे अडाणी होते का?

परदेशी पैसा? पैसा कुठून येतो ते प्रत्येक संस्थेने उघड सांगावे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरून हिशेब चूक ठरत नाही. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. समोर नोव्हार्टिस ही स्विस कंपनी होती. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे २००५ मध्ये पेटंट कायदा बदलला, तेव्हा त्यातले कलम ३(ड) कडक झाले: माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला, त्याचा गुण वाढल्याशिवाय, पेटंट नाही. त्याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. मूळ औषध तेव्हा महिन्याला लाख रुपयांच्या वर होते, भारतीय पर्याय त्याच्या दशांशाच्या आसपास. हा फरक रुग्णाच्या घरच्यांना विचारावा.

गुंतवणूक पळते म्हणणाऱ्यांनी ब्राझीलकडे पाहावे. कंपन्यांना थेट सरकारवर लवादात जाऊ देणारा एकही द्विपक्षीय करार त्या देशाने अमलात आणला नाही, तरी तिथे परदेशी भांडवल भरपूर येते. आणि आपले सरकार? २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने लवादात भारताला हरवले. त्यानंतर २०१६ च्या नमुना करारात (इतर देशांशी करायच्या गुंतवणूक करारांच्या मसुद्यात) सरकारने स्वतःच अट घातली: आधी पाच वर्षे इथल्या न्यायालयांत दाद मागा, मगच लवाद.