सोलापूरच्या उन्हात सेंद्रिय भाजी ‘होत नाही’ म्हणे!

ऊन तापायला लागलं की एक दावा हमखास फिरतो. घरची सेंद्रिय भाजी हे कोकण-कोल्हापूरच्या लोकांचं काम, सोलापूर-बीड-लातूरकडं किंवा माण-खटावात ते जमत नाही. कारणं चार सांगतात: 42 अंशात भाजी करपते, टँकरच्या पाण्यावर ती विकतच्यापेक्षा महाग पडते, औषध मारलं नाही तर कीड फडशा पाडते आणि फळझाडांचं तर नावच काढू नका. वर सल्ला असतो की हौसच असेल तर राख आणि अंड्याची टरफलं घाला.

पहिलं कारण निम्मं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्रीही गारवा नाही, अशा हवेत टोमॅटोचं फळ धरत नाही. पण मग युरिया टाकल्यावर ते धरतं का? तेही नाही. म्हणजे खोट सेंद्रियात नाही, वेळापत्रकात आहे. आमच्याकडचा भाजीचा हंगाम मृगापासून शिवरात्रीपर्यंतचा. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका. गणपतीच्या सुमाराला टोमॅटो-वांग्याची रोपं. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. उन्हाळ्यात वाफे रिकामे ठेवले तर काही बिघडत नाही. फार तर थोडी गवार, राजगिरा, घोळ, आणि तेही पश्चिमेकडून जुन्या साडीचा आडोसा करून, कारण सकाळच्या उन्हानं रोप मरत नाही, दुपारी दोननंतरच्या उन्हानं मरतं. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मेमध्ये पालक पेरायचा आणि आला नाही की हवामानाला शिव्या घालायच्या, हे बरोबर नाही.

पाण्याचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण माणसं खरी घाबरतात ती इथं. हिवाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरतं. दोन चौरस मीटरचे वाफे चार महिने चालवले तर हिशेब हजार लिटरच्या आसपास जातो. एवढ्यासाठी टँकर कोण मागवतो? तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी चार माणसांच्या घरात रोज अर्धी बादली तरी निघतंच, आणि दोन चौरस मीटरला ते जवळजवळ पुरतं. साबणाचं आणि आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र वाफ्यात नको. दोन्हींतले क्षार मातीत साठत जातात. पावसाचंही बघा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 500 चौरस फुटांच्या गच्चीवर 20 मिलिमीटरची एक सर पडली तर गळती-बाष्प वजा जाता सातशे लिटर हाती लागतं. पहिला पाऊस तेवढा सोडून द्यायचा, गच्ची धुऊन निघते.

दिलेलं पाणी टिकवायला पाचट, तुरीचा भुसा किंवा वाळका पाला यांचा चार बोटं थर मातीवर हवाच. उघडी माती ठेवून रोज पाइपनं शिंपत बसणाऱ्यांना पाणी परवडत नाही, यात नवल काय. त्याहून बरं म्हणजे मडकं पुरणं. साधं, बिनरंगाचं, अरुंद तोंडाचं मडकं गळ्यापर्यंत गाडायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं आणि भोवती वीतभर अंतरावर काकडी, दुधी, कारलं लावायचं. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की पाझर मंदावतो. पुरण्याआधी पाणी भरून तास-दोन तास बाहेर ठेवून बघा: अंगाला घाम फुटला तर घ्या, नाहीतर परत करा. बोअरचं जड पाणी असेल तर एखाद-दोन हंगामांत छिद्रं चुन्यानं बुजतात, तेव्हा मडकं बदलावं लागतं. मेथी-कोथिंबिरीसारख्या दाट पेऱ्याला हा प्रकार तितकासा उपयोगी नाही, हेही खरं.

किडीच्या बाबतीत तर दावा उलटाच करायला हवा. करपा, केवडा यांसारख्या रोगांना पान बराच वेळ ओलं राहावं लागतं. कोरड्या हवेत ती सोय त्यांना मिळत नाही. आपल्याकडं त्रास देतात ते लाल कोळी, मावा, पिठ्या ढेकूण आणि हिवाळ्यातली भुरी, म्हणजे पानावर पांढरी भुकटी पसरवणारा रोग. कोळी पानाच्या खालच्या अंगाला बारीक जाळी करतो. सकाळी तिथं पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच आटोक्यात येतो. बाकी रसशोषक किडींना निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायची. उन्हात अर्काचा जोर लवकर उतरतो, म्हणून संध्याकाळी. कडुनिंब आमच्याकडं रस्तोरस्ती आहे. जूनमध्ये झाडाखाली निंबोळ्यांचा सडा असतो, कोणी हात लावत नाही.

राख आणि टरफलांचा सल्ला सरळ सोडून द्या. आमची माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची, पाणीही जड. अशा चुन्यात राख-टरफलांतला आणखी चुना घातला तर लोह झाडाला लागू होत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा प्रकार दिसला की लोक आणखी टरफलं टाकतात! शेणखत, कंपोस्ट घाला. आणि कंपोस्ट ढीग करून नको, खड्ड्यात करा, वरून ओलं गोणपाट. ढीग इथं आठवड्यात वाळतो आणि कुजायचाच थांबतो.

राहिलं फळझाडांचं. सोलापूरच्या डाळिंबाला आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, 2005 मध्ये स्थापन झालेलं डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे, आणि म्हणे कोरड्या हवेत फळ येत नाही! डाळिंबाचा बहार, म्हणजे एका हंगामाचा फुलोरा, धरायला मुद्दाम पाणी तोडून ताण द्यावा लागतो. डाळिंबावरचा तेल्या रोग पावसाळी दमट हवेत फोफावतो. म्हणून तर बरेच बागायतदार जून-जुलैच्या मृग बहाराऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरतात. बोराचं झाड मेच्या उन्हात पानं टाकून झोपतं, पाणी मागतच नाही. अंगण लहान असेल तर पीकेएम-1 जातीचा शेवगा लावा; वर्षाच्या आत शेंगा लागतात, पाला वर्षभर भाजीला होतो. फक्त तोडणी झाली की दरवर्षी कमरेएवढा छाटा, नाहीतर शेंगा शेजाऱ्यांच्या गच्चीवरून काढाव्या लागतील.